‘दिले’ आणि ‘घेतले’ : ‘नोट्स ऑन नर्सिंग’मधील आहारविचाराची चिकित्सा

सारांश

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या ग्रंथातील आहारविषयक दोन प्रकरणे आणि निरीक्षणावरील अखेरचे प्रकरण यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. रुग्णापुढे अन्नपाणी ठेवणे आणि रुग्णाने ते प्रत्यक्ष घेणे या दोन भिन्न घटना आहेत, हा या प्रकरणांचा गाभा आहे. आजच्या रुग्णालयातील द्रवसंतुलनाच्या तक्त्याला हाच भेद पुष्कळदा नोंदविता येत नाही. दुसऱ्या बाजूने, नाइटिंगेल यांच्या निरीक्षणाला मापनाची जोड नव्हती, ही त्या विचाराची मर्यादाही येथे दाखविली आहे.

बीजसंज्ञा : शुश्रूषा, रुग्णाहार, द्रवसंतुलन, निरीक्षण, नोंदीची भाषा.

१. प्रास्ताविक

शुश्रूषाशास्त्राच्या विद्यार्थिनीला आरंभी जी मूलभूत कौशल्ये शिकविली जातात, त्यांत रुग्णाचा आहार व शरीरातील द्रवसंतुलन यांचा समावेश असतो. परीक्षेच्या दृष्टीने हा भाग सोपा समजला जातो. आहाराचे प्रकार, प्रौढ व्यक्तीची पाण्याची गरज, निर्जलीकरणाची लक्षणे आणि तक्ता भरण्याची रीत एवढे पाठ केले की गुण मिळतात. वॉर्डात गेल्यावर हेच काम सर्वांत कनिष्ठ विद्यार्थिनीकडे किंवा रुग्णाच्या नातेवाइकाकडे सोपविले जाते. इंजेक्शन देणे हे कौशल्याचे काम आणि पेज भरविणे हे हाताखालचे काम, अशी प्रतवारी आपल्या मनात नकळत तयार होते.

या प्रतवारीला सर्वांत जुने आणि सर्वांत धारदार उत्तर ज्या ग्रंथात सापडते, तो ‘नोट्स ऑन नर्सिंग’ १८६०च्या प्रारंभी वाचकांच्या हाती आला. आपल्याकडील बहुतेक नर्सिंग महाविद्यालयांत लेखिकेची तसबीर असते आणि १२ मे रोजी, त्यांच्या जन्मदिनी, दीपप्रज्वलनही होते. ग्रंथ मात्र क्वचितच वाचला जातो. पूजनीय ग्रंथाच्या वाट्याला येणारी ही उपेक्षा बाजूला सारून त्यातील आहारविचार आज कितपत टिकतो, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

२. ग्रंथाचे स्वरूप

‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे परिचारिकांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक नाही. दुसऱ्याच्या आरोग्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते अशा स्त्रियांना विचारप्रवृत्त करण्यासाठी या सूचना लिहिल्या आहेत, असे लेखिकेने प्रस्तावनेतच स्पष्ट केले आहे. ग्रंथातील तेरा प्रकरणांपैकी सहावे अन्न घेण्याविषयी, सातवे कोणते अन्न द्यावे याविषयी, तर तेरावे रुग्णाच्या निरीक्षणाविषयी आहे. ‘कोणते अन्न’ या प्रश्नाआधी ‘अन्न कसे घेतले जाते’ हा प्रश्न येतो. प्रकरणांच्या या क्रमातच लेखिकेची भूमिका दिसते. आजच्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी पोषकद्रव्ये, उष्मांक आणि पथ्याचे प्रकार, आणि शेवटी रुग्णाला भरविण्याविषयी चार ओळी.

सहाव्या प्रकरणाचा सूर तक्रारीचा आहे. भरपूर अन्न उपलब्ध असतानाही असंख्य रुग्ण उपाशी राहतात, कारण ते अन्न त्यांना घेता येईल अशा रीतीने दिले जात नाही, असा आरोप लेखिका प्रारंभीच करते. पुढील विवेचन मोठ्या सिद्धांतांचे नाही, बारीकसारीक गोष्टींचे आहे. अशक्त रुग्णाला रात्री ज्वर येतो आणि सकाळी त्याचे तोंड कोरडे पडलेले असते, म्हणून सकाळी अकरापूर्वी त्याला घन अन्न जात नाही. त्याआधी दर तासाला चमचा चमचा द्रव अन्न दिले, तर पुढचे जेवण घेण्याइतके त्राण त्याच्या अंगी उरते. न खाल्लेले ताट तासन् तास उशाशी ठेवू नये. पेल्यातील पेय बशीत सांडू देऊ नये, कारण पेल्याचा तळ ओला असला तर प्रत्येक घोटाला पांघरुणावर थेंब पडतात. रुग्ण खात असताना त्याच्याशी कामाचे बोलू नये.

बशीचा हा मुद्दा आज वाचताना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि दुबळ्या हाताने पेला उचलणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले, म्हणजे त्याचा अर्थ कळतो. कपडे ओले होतील या भीतीने तो दुसरा घोट घेण्याचे टाळतो. पाणी कमी पोटात जाण्याची कारणे शरीरशास्त्राच्या पुस्तकात असतात तशी ओल्या बशीतही असतात. लेखिकेची पद्धती अशी की ती प्रत्येक नियमामागचा प्रसंग उभा करते, त्यामुळे नियम केव्हा लागू होतो आणि केव्हा नाही, हे वाचकाला स्वतः ठरविता येते.

३. ‘भूक नाही’ या शेऱ्याचे विश्लेषण

या आहारविचाराचा सर्वांत मौलिक भाग आहाराच्या प्रकरणांत नसून निरीक्षणाच्या प्रकरणात आहे. रुग्ण खात नाही याची चार भिन्न कारणे तेथे सांगितली आहेत. अन्न नीट शिजविलेले नसणे, अन्नाची निवड चुकणे, अन्न देण्याची वेळ चुकणे आणि रुग्णाला खरोखरच भूक नसणे. यांपैकी कोणत्याही एका कारणाने रुग्णाची उपासमार होऊ शकते. व्यवहारात मात्र चारही कारणे ‘रुग्णाला भूक नाही’ या एकाच शेऱ्याखाली दडपली जातात, असे लेखिकेचे म्हणणे आहे.

हे वर्गीकरण नैतिक दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. चारांपैकी तीन कारणे रुग्णाच्या बाहेरची आहेत. ती स्वयंपाकघरात, पथ्याच्या यादीत आणि वॉर्डाच्या वेळापत्रकात आहेत. ‘भूक नाही’ असे लिहिताच हे तिन्ही दोष रुग्णाच्या नावावर जमा होतात. आपल्या वॉर्डातील उदाहरणे घेतली तर हे लगेच पटेल. आयुष्यभर ज्वारीची भाकरी खाल्लेल्या वृद्धेपुढे थंड ब्रेड आणि दूध ठेवले जाते. कवळी पिशवीत राहिलेल्या रुग्णाला पोळी-भाजी मिळते. सकाळच्या राउंडच्या वेळीच न्याहारी येते आणि मोठे डॉक्टर जाईपर्यंत ती निवून जाते. एकादशीचा उपवास किंवा रमजानचा रोजा असल्याचे रुग्ण सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारलेले नसते. या प्रत्येक ठिकाणी तक्त्यावर एकच शेरा पडतो.

अन्नाच्या निवडीबाबतही लेखिका प्रचलित समजुतींची परीक्षा घेते. त्या काळी इंग्लंडमध्ये मांसाचे पातळ सार हे रुग्णासाठी अत्यंत बलवर्धक मानले जाई. हे सार आटवून पाहा, अर्धा पाइंट सारात जेमतेम चमचाभर घन पोषण उरते, असे नाइटिंगेल लिहितात. त्याचबरोबर त्या साराने रुग्णाला जी हुशारी येते ती त्या नाकारीत नाहीत. आपल्याकडे वरणाच्या वरच्या निवळ पाण्याला हीच प्रतिष्ठा आहे. आजाऱ्याला ‘ताकदीसाठी’ डाळीचे पाणी पाजायचे आणि प्रथिने असलेली डाळ तळाशी तशीच सोडायची, ही चूक सुशिक्षित घरांतही होते. त्या पाण्यातून द्रव व मीठ मिळते. पोषण मात्र फारसे मिळत नाही. द्रवाची गरज भागली म्हणजे अन्नाची गरज भागली, हा गैरसमज दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये होता आणि तो आजही आपल्या उशाशी आहे.

४. तक्त्याची भाषा

आता आजच्या इनटेक-आउटपुट तक्त्याकडे वळू. साधारणपणे प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर पाणी येते व तेवढेच बाहेर जाते. त्यातील सुमारे दीड लिटर मूत्रावाटे जाते. त्वचा व श्वास यांवाटे नकळत जाणारे पाणी सुमारे ८०० मिलिलिटर असते. ज्वरात ते वाढते. प्रौढाचे मूत्रोत्सर्जन दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाले तर ती धोक्याची खूण मानली जाते.

एक कल्पित तक्ता घेऊ. रुग्णाचे वजन ६० किलो आहे. दिवसभरात चहा २०० मिलिलिटर, दूध २००, पेज ३००, पातळ वरण २०० आणि पाणी १०००, असे एकूण १९०० मिलिलिटर ‘दिले’ अशी नोंद आहे. मूत्र ६५० मिलिलिटर आहे. नकळत जाणारे ८०० धरले तर शिल्लक ४५० मिलिलिटर अधिक दिसते. घन अन्नातून मिळणारे पाणी हिशेबाच्या सोयीसाठी येथे बाजूला ठेवले आहे. मूत्र ७२० मिलिलिटरच्या मर्यादेखाली आहे आणि शिल्लक मात्र अधिक आहे. हा तक्ता वाचणाऱ्या डॉक्टरांना मूत्रपिंडाविषयी किंवा शरीरात साचणाऱ्या पाण्याविषयी शंका आली, तर तिला दोष देता येणार नाही.

परंतु जो एक लिटर पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता त्यातील ३०० मिलिलिटरच रुग्णाने प्यायले असेल आणि पेज निम्मी टाकली असेल, तर? प्रत्यक्षात पोटात गेलेला द्रव १०५० मिलिलिटर होतो आणि शिल्लक उणे ४०० येते. अधिकाच्या जागी उणे चिन्ह आले. एका तक्त्यानुसार द्रव कमी करावा लागेल, दुसऱ्यानुसार वाढवावा लागेल. बेरजेत चूक कोठेच नाही. ‘दिले’ या क्रियापदाच्या जागी ‘घेतले’ हे क्रियापद वाचले गेले, एवढीच चूक आहे.

येथे भाषेचा मुद्दा उपस्थित होतो. शुश्रूषेच्या पुस्तकांतील आणि नोंदींतील वाक्ये बहुधा कर्त्यावाचून असतात. ‘रुग्णास आहार देण्यात यावा’, ‘पुरेसे द्रव देण्यात आले’. कोणी दिले, किती वेळ बसून दिले आणि शेवटी पेल्यात किती उरले, हे प्रश्न अशा वाक्यरचनेत उद्भवतच नाहीत. नाइटिंगेल यांचे वाक्य याच्या नेमके उलट असते. त्यात परिचारिका असते, पेला असतो, घड्याळातील वेळ असते आणि रुग्णाची मान वळलेली असते. रुग्णाने आज किती घेतले आणि त्याला किती घ्यायला हवे, याचा विचार परिचारिकेच्या मनात सतत चालू असावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यांच्या मते स्वच्छ हवेची काळजी घेतल्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे अन्नाचा रुग्णावर होणारा परिणाम पाहणे व तो डॉक्टरांना सांगणे. ‘दिले’, ‘घेतले’ आणि ‘मानवले’ या तीन क्रियापदांपैकी पहिल्यावर आपला तक्ता थांबतो. त्यांच्या दृष्टीने शुश्रूषा तेथे सुरू होते.

हा प्रश्न केवळ साधनसामग्रीच्या अभावाचा नाही, हे इंग्लंडच्याच अनुभवावरून दिसते. तेथील मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयाच्या चौकशीचे रॉबर्ट फ्रान्सिस यांचे अहवाल २०१० व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे अन्नपाणी त्यांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवले जात असे, ही बाब त्या चौकशीत पुढे आली. ज्या देशात ‘नोट्स ऑन नर्सिंग’ लिहिले गेले, त्याच देशात दीड शतकानंतर हे घडावे, यावरून तक्ते व नियमावल्या वाढल्याने निरीक्षण आपोआप वाढत नाही, असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

५. नाइटिंगेल यांच्या विचाराच्या मर्यादा

असे असले तरी हा ग्रंथ प्रमाण मानून थांबता येणार नाही. त्याच्या तीन मर्यादा स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा मापनाची आहे. लेखिका घेतलेल्या अन्नाकडे बारकाईने पाहते. शरीराबाहेर जाणाऱ्या द्रवाचा जमाखर्च मात्र ती मांडीत नाही. थॉमस लाटा यांनी स्कॉटलंडमध्ये पटकीच्या रुग्णांना शिरेवाटे क्षारयुक्त पाणी देऊन पाहिले ते १८३२ साली, म्हणजे ग्रंथाच्या अठ्ठावीस वर्षे आधी. तरीही पाण्याच्या हिशेबाचा विचार शुश्रूषेत उतरलेला नव्हता. आज आपल्याला ठाऊक आहे की वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते आणि शरीरात पाणी साचत असता डोळ्यांना सूज दिसण्यापूर्वी वजन वाढू लागते. एक लिटर द्रव म्हणजे सुमारे एक किलो वजन. यास्तव त्याच काट्यावर, त्याच वेळी घेतलेले रोजचे वजन हे तक्त्याची सर्वांत चांगली पडताळणी ठरते. नुसत्या नजरेला हे कळत नाही.

दुसरी मर्यादा रुग्णाच्या इच्छेवरील विश्वासाची आहे. रसायनशास्त्रापेक्षा रुग्णाचे निरीक्षण आहार ठरवील, ही लेखिकेची भूमिका त्या काळातील पोषणविज्ञानाची अवस्था पाहता योग्य होती. जीवनसत्त्वांची संकल्पना १९१२ नंतर रूढ झाली. परंतु आज मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाने नारळपाणी आवडीने प्यायले, तर त्यातील पोटॅशियम त्याच्या हृदयाला घातक ठरू शकते. हृदय दुबळे झालेल्या रुग्णाला लोणचे-पापड हवासा वाटतो आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. पक्षाघातानंतर गिळण्याची क्षमता न तपासता पाजलेला पाण्याचा घोट फुप्फुसात जाऊ शकतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून जीव धोक्यात येतो. अशा वेळी इच्छा आणि निरीक्षण यांना प्रयोगशाळेच्या अहवालाची जोड अनिवार्य आहे.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे. उपासमारीचा दोष लेखिका बहुतांशी शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या निष्काळजीपणावर ठेवते. तिच्या डोळ्यांपुढे पुष्कळदा एक घर, एक रुग्ण आणि एक स्त्री आहे. रात्रपाळीत संपूर्ण वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या परिचारिकेला प्रत्येकाच्या उशाशी बसून घोट घोट पाणी पाजणे शक्य नसते. तिच्या नोंदीत ‘दिले’ येते याचे कारण अनेकदा आळस नसून वेळेचा हिशेब असतो. मनुष्यबळाचा प्रश्न न मांडता केवळ कर्तव्याची आठवण करून देणे हे अन्यायकारक होईल.

६. आपल्या परंपरेतील व परिसरातील दुवे

अन्न भरविणे हा उपचाराचाच भाग आहे, हा विचार आपल्याला परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, औषध व रुग्ण यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान आहे. रुग्णगृहाच्या सिद्धतेचे वर्णन करताना सूप व भात रांधण्यात निपुण असलेल्या सेवकांचाही तेथे उल्लेख येतो. शोधनानंतर पेया, विलेपी, यूष असा पातळापासून घट्टाकडे जाणारा क्रम सांगितला आहे. यावरून सारे काही आपल्याकडे आधीच होते, असा दावा करण्याचे कारण नाही. रांधणाऱ्याला उपचारकांच्या पंक्तीत बसविणारी दृष्टी होती, एवढे म्हणता येते, आणि तीच आज हरवली आहे.

नातेवाइकाच्या भूमिकेविषयी अधिक अलीकडचा दाखला १९७१चा आहे. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकी पसरली. शिरेवाटे द्यावयाचे द्रव अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाण्यातील द्रावण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम मोठ्या प्रमाणावर रुग्णांच्या आप्तांनी केले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. शिकविले तर नातेवाईक किती काटेकोर काम करू शकतो, याचा हा पुरावा आहे.

आपल्या रुग्णालयांत आई, सून किंवा भाऊ डबा घेऊन उशाशी बसलेला असतो. रुग्णाने किती घेतले हे त्याला परिचारिकेपेक्षा अधिक ठाऊक असते. मात्र त्याला मिलिलिटर समजत नाही आणि त्याला वाटी, पेला, फुलपात्र यांत कोणी विचारीत नाही. ताक, आंबील, कढण, कलिंगडाची फोड हे सारे द्रवच आहे, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

७. समारोप

वरील विवेचनावरून अध्यापनासाठी काही गोष्टी सुचतात. तक्त्यात ‘दिले’, ‘उरले’ व ‘घेतले’ असे तीन स्वतंत्र रकाने असावेत. विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात वॉर्डातील व रुग्णाच्या डब्यातील भांडी मोजपात्राने मापून घ्यावीत. ‘भूक नाही’ हा शेरा लिहिण्यापूर्वी चार कारणांची विचारणा सक्तीची असावी. नातेवाइकाला वाटी-पेल्याच्या हिशेबाने नोंद ठेवण्यास शिकवावे. आणि एखाद्या वॉर्डात हे करणे अशक्य होत असेल, तर ती बाब मनुष्यबळाचा प्रश्न म्हणून लेखी नोंदवावी.

नाइटिंगेल यांच्याकडे नजर होती, मापन नव्हते. आपल्याकडे मापन आहे, परंतु ते पुष्कळदा तांब्याचे असते, रुग्णाचे नसते. या दोहोंची सांगड घालणे हे मूलभूत शुश्रूषेच्या अध्यापनापुढील काम आहे. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत तक्ता बिनचूक भरणाऱ्या विद्यार्थिनीला आपण पूर्ण गुण देतो. त्या वेळी परीक्षकाने तिला एकच जादा प्रश्न विचारावा : पेल्यात किती उरले होते? त्याचे उत्तर तिला देता आले, तर तिने शुश्रूषा शिकली असे समजण्यास हरकत नाही.